मदत हवी आहे: फ्लोराइड गाळणीच्या धुवणीचे पाणी टाकायचे कुठे?

नमस्कार मंडळी. संस्था इंदूरची, काम झाबुआच्या भिल्ल फळियांत (पाड्यांत). हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड ३.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर (मर्यादा १.५), म्हणून ४० घरांत ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या (फ्लोराइड शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या) गाळण्या दिल्या. घरटी ३ किलो भरण, तीन महिन्यांत थकते. पाणी क्षारीय, म्हणून इतक्या लवकर. बचत गटाच्या बायका ते भरण फ्लोराइड सुटावे म्हणून १ टक्का कॉस्टिक सोड्यात भिजवून, मग सौम्य गंधकाम्लाने उदासीन करतात. हातमोजे, चष्मा वापरतात. हे उत्तम जमलेय.

अडलेय धुवणीच्या पाण्यापाशी, महिन्याला सुमारे २०० लिटर. शोषखड्डा नकोच, विहीर ८० फुटांवर आहे. चुना टाकला तर गाळ बसतो, पण वरच्या पाण्यात फ्लोराइड १० च्या खाली येत नाही. टँकर परवडत नाही.

प्लास्टिक अंथरलेली उथळ वाळवण टाकी केली तर किती चौरस फूट लागेल, आणि पावसाळ्याचे चार महिने ते पाणी साठवायचे कशात?