लिनिअर प्रोग्रॅमिंग: उत्तर कोपऱ्यातच का सापडतं?

बारावी_कॉमर्स: आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. तिच्याच कामाचं लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित मांडलं, म्हणजे सगळ्या अटी पाळून जास्तीत जास्त नफा कुठे ते शोधायचं. दिवसाला क्ष किलो चिवडा, य किलो चकली. किलोभर चिवड्याला १५ मिनिटं लागतात, चकलीला ४५. हातात १० तास. म्हणून क्ष + ३य ≤ ४०. किलोचे डबे २०, म्हणून क्ष + य ≤ २०. क्ष आणि य दोन्ही ≥ ०. नफा = ६०क्ष + १००य.

मी (४०, ०) घेतला, २४०० रुपये आले. क्लासमध्ये चूक दिली आणि "कोपरे काढायचे, किमती टाकायच्या" एवढंच पाठ करायला सांगितलं. पण कोपरेच का? मध्ये कुठे जास्त नफा नसेल कशावरून?

पट्टी_पेन्सिल: अगं, हा प्रश्न पडला हे फार चांगलं झालं. बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतेय, तो वर्गात क्वचितच कोणी विचारतं.

आधी तुझा (४०, ०). तिथे वेळेची रेषा क्ष-अक्षाला छेदते हे खरं, पण ४० किलो चिवडा २० डब्यांत भरणार कसा? सगळ्या अटी एकदम पाळणारा भाग आधी पेन्सिलने रंगव; त्याच्या दोन कडा जिथे मिळतात ते कोपरे. त्याच्या बाहेरचा छेदनबिंदू आपल्या कामाचा नाही.

आता मधला बिंदू घे, (८, ८). नफा १२८०. वेळ उरलाय, डबेही उरलेत, मग एक किलो चिवडा वाढव: १३४०. आत उभी असशील तोवर सरकायला जागा असतेच, म्हणून आत थांबण्यात अर्थ नाही. सरकत सरकत एखाद्या कडेला टेकशील, समजा डब्यांच्या, (१२, ८) वर: १५२०. तिथे एक किलो चिवडा कमी करून एक किलो चकली कर, डबे तेवढेच, नफा ४० ने वाढतो. असं (१०, १०) पर्यंत जाता येतं: १६००. पुढे (९, ११) ला १० तास पुरत नाहीत. वेळेच्या कडेने (७, ११) वर गेलीस तर पुन्हा १५२०.

आलेखावर बघायचं तर ६०क्ष + १००य = ६०० ही रेषा काढ, पट्टी तिच्यावर ठेव आणि तिरकेपणा न बदलता वर सरकव. रंगवलेल्या भागाला पट्टी शेवटची शिवते तो (१०, १०). हे एकदा स्वतःच्या हाताने करच.

जुना_बीएस्सी: एक भर. चकलीचा नफाही ६० असता, तर पट्टी डब्यांच्या रेषेला समांतर झाली असती. मग (२०, ०) ते (१०, १०) या कडेवर कुठेही १२००. म्हणजे कोपऱ्याबाहेरही उत्तर असू शकतं, पण कोपरा त्यात असतोच. आणि भाग एका बाजूने उघडा असेल तर कमाल किंमत असेलच असं नाही, ते तपासायचं.

आपल्याला दोनच चलं, म्हणून आलेख पुरतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लरने १९४५ साली ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार अंदाजाने काढला होता: वर्षाला ३९.९३ डॉलर. १९४७ मध्ये गणितज्ञ डांट्झिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीने नेमकं उत्तर आलं, ३९.६९. ती पद्धतसुद्धा एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावरच जाते.

बारावी_कॉमर्स: पट्टी सरकवली, दिसलं! आईला दाखवलं, तर म्हणाली १२ किलो चकली आधीच बुक आहे. म्हणून य ≥ १२ घातलं. कोपरे (०, १२), (४, १२) आणि (०, १३⅓). सर्वांत जास्त (४, १२) ला, १४४० रुपये. बरोबर ना?

पट्टी_पेन्सिल: अगदी बरोबर. आणि बघ, आता चार डबे रिकामे राहतात. आईला सांग, आणखी डबे आणू नकोस, चकली पाडायला कोणीतरी मदतीला घे.