मण्यांची बरणी: मुलांच्या बक्षिसांचे तुमचे अनुभव सांगा

पाऊलवाट
काल माळा आवरताना एक काचेची बरणी हाती लागली. तळाशी सात-आठ लाकडी मणी, झाकणावर अर्धवट निघालेली चिठ्ठी, आणि तिच्यावर लेकीचं पाचव्या वर्षीचं अक्षर: 'आपली बरनी'. तिथेच शिडीच्या पायरीवर बसून राहिले.
न सांगता कुणी दुसऱ्याचं काम केलं की एक मणी. आम्ही मोठेही त्यात होतो. आणि मणी टाकायचा तो ज्याचं काम झालं त्याने, करणाऱ्याने नाही. बरणी भरली की सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं, काय ते ठरवायची पाळी एकेकाची. तिची पाळी आली तेव्हा तिने चादरींचा तंबू मागितला. बाहेरच्या खोलीत, चौघांनी रात्रभर आत झोपायचं. ह्यांची पाठ दोन दिवस धरली होती!
आता ती सतरा वर्षांची आहे. तंबू लख्ख आठवतो, मणी कशाकशाचे मिळाले ते एकही आठवत नाही. पण दोरीवर कुणाचेही कपडे वाळलेले दिसले की घडी घालून ठेवते. बरणीमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तुमच्याकडे काय होतं? तक्ते, चांदण्या, पाळ्या, काहीही सांगा.

निळी शाई
चांदण्यांचा तक्ता, कपाटाच्या दारावर. दात, दप्तर, खेळणी, वेळेवर झोप, चारही एकदम सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात थोरला शांतपणे म्हणाला, "आज मला चांदणी नको, मग दात नाही घासत." काय बोलणार? मग फक्त दप्तर ठेवलं. महिन्याभरात हात आपोआप दप्तराकडे जायला लागला, तक्त्याची आठवण कुणालाच राहिली नाही. धाकटा उठला, येते नंतर.

रिकामं पान
'चांदणी नको' वरून आठवलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमधल्या मुलांवर केलेला. ३ ते ५ वर्षांची, मुळातच स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेली मुलं. काहींना आधीच कबूल केलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचं नावही नसताना पाहिलं, तर आधी कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक मिळालेल्यांची आवड तशीच होती.
हे मी वाचलं फार उशिरा. तोवर पोराला वाचनाचे गुण देत होतो, पानाला एक. तो मोठ्या अक्षरांची, चित्रांनी भरलेली पुस्तकंच उचलायला लागला. गोष्टीत पुढे काय झालं विचारलं तर म्हणे, "बावीस पानं झाली." गुण बंद केले. आता रात्री दोन पानं तो, दोन मी. पुस्तक त्याने निवडायचं. आवडीच्या गोष्टीला बक्षीस लावू नये, कंटाळवाण्या कामाला लावावं, असं माझं पक्कं मत झालंय.

सांजवेळ
"बावीस पानं झाली" वाचून पोटात तुटलं. आमच्याकडेही असंच.
मी एक चूक केली ती सांगते. भांडण झालं म्हणून मिळालेली चांदणी काढून घेतली. लेकीने खुर्चीवर चढून अख्खा तक्ता काढला, बारीक घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. रडली नाही. तेच जास्त लागलं. कमावलेलं परत घ्यायचं नाही, हे त्या दिवशी तिने मला शिकवलं.

निळी शाई
सांजवेळ, अगं 🫂
पाऊलवाटताई, लाकडी मणी की बटणं चालतील? धाकटा दीड वर्षांचा, हाती लागेल ते तोंडात.

पाऊलवाट
नको गं, दोन्ही नको! ३ वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर मणी-बटणं उघड्यावर ठेवूच नयेत, घशात अडकतात. रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी कर, एका कामाला एक कडी. दारापासून खिडकीपर्यंत पोचली की बरणी भरली समज.

जुनी सायकल
आजोबा लिहितोय. आमच्या नातवाला तक्ता वगैरे काही नाही. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचं काम त्याचं. सापडला की बोटाने दाबून धरतो, मी येईपर्यंत सोडत नाही. सहा वर्षांचा आहे, एरवी दोन मिनिटं एका जागी ठरत नाही. परवा विचारत होता, "आबा, पुन्हा पंक्चर कधी होणार?"

दोन वेण्या
जुळ्या मुली. दोघींचे दोन तक्ते केले तर दिवसभर एकमेकींच्या चांदण्या मोजणं. एकच सामायिक तक्ता केला तेव्हा एकीने दुसरीला बुटाची नाडी बांधायला शिकवली. पाऊण तास!
आणि आमच्याकडे खरं बोलल्याचीही चांदणी होती. ती बंद केली. खरं सांगितलं की जवळ घेते, तेवढंच.

रिकामं पान
आजोबा, बुडबुडा 🙏

निळी शाई
साखळी सुरू केली. डिंकाने पट्ट्या सुटतात, स्टेपल नको म्हणून चिकटपट्टी लावली. पहिली कडी धाकट्याने चघळली, दुसरी थोरल्याने उंच टांगलीय.