मदत हवी आहे: दुकानाचा पीसी बाहेरून टॅबवर उघडत नाही, उद्या सकाळी निघायचंय

फिरतीवाला
टॅबवर रिमोट डेस्कटॉप टाकलंय, म्हणजे दुकानाचा पीसी टॅबवरून चालवायचं ॲप. दुकानात झकास चालतं, बाहेर पडलं की 'कनेक्ट होऊ शकत नाही'. पासवर्ड बरोबर आहे, पाच वेळा तपासला. उद्या सकाळी सहाला लातूर-नांदेड, हिशेबाची टॅली लागणारच. पटकन सांगा.

खटपट्या
पीसीच्या नावाच्या जागी काय टाकलंय? विंडोज होम की प्रो? राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) काय दिसतो?

फिरतीवाला
१९२.१६८.१.१५. दुकानात यानंच चालतं म्हटलं ना. विंडोज ११ आहे, पुढचं माहीत नाही.

खटपट्या
दुकानात जोडलं जातंय म्हणजे प्रोच. होममध्ये बाहेरून कुणाला आत घ्यायची सोयच नाही. घोळ पत्त्यात आहे. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता फक्त दुकानाच्या वायफायपुरता. लातूरच्या लॉजवर तोच टाकलात तर टॅब लॉजच्या राउटरमध्ये शोधत बसेल. वॅन आयपी द्या.

आप्पा_लातूर
टॅबच्या नादाला लागूच नका. चौदा इंची लॅपटॉप घ्या, ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर घ्या, फोनही त्यावरच चार्ज होतो.

फिरतीवाला
आप्पा, उद्या सकाळी सहाला निघायचंय. लॅपटॉप कुठून आणू?

जुना_वायरमन
सोपं आहे. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, पीसीकडे फॉरवर्ड करा, बाहेरचा आयपी टॅबमध्ये टाका. दहा मिनिटांचं काम.

खटपट्या
वायरमनसाहेब, हे नका सांगू लोकांना. उघडा ३३८९ शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र पासवर्ड ठोकत असतात. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आत शिरायची ही ठरलेली वाट आहे. टॅलीचा डेटा गेला तर कुठून आणणार?

जुना_वायरमन
पोर्ट नंबर बदलायचा, ५३३८९ करायचा. कोण शोधतंय?

खटपट्या
स्कॅनर शोधतो. एकूण पोर्टच ६५,५३५, तेवढे चाळायला त्याला फार वेळ लागत नाही.

फिरतीवाला
भांडू नका हो. वॅन आयपी १००.७२ने सुरू होतो.

खटपट्या
मग वादच मिटला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटचा. एका बाहेरच्या पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइकं बसवलेली असतात, त्यामुळे फॉरवर्ड केलंत तरी बाहेरून काही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

टेलस्केल टाका, ते पीसी आणि टॅबला इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. पीसीवर आणि टॅबवर, दोन्हीकडे एकाच खात्यानं लॉगिन. पीसीला नवा पत्ता मिळेल, तोही १००नेच सुरू होतो. गोंधळू नका, राउटरवाला तो वेगळा. हा नवा पत्ता रिमोट डेस्कटॉपमध्ये १९२च्या जागी टाका. दुकानाच्या वायफायवर चाचणी करू नका, टॅबला फोनचा हॉटस्पॉट देऊन करा.

दोन गोष्टी विसराल म्हणून आत्ताच सांगतो. पीसीवरच्या टेलस्केलमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर वीज जाऊन पीसी परत सुरू झाला की कुणी लॉगिन करेपर्यंत तो दिसणारच नाही. आणि टेलस्केलच्या वेबपानावर या पीसीपुरती 'की एक्स्पायरी' बंद करा, नाहीतर १८० दिवसांनी नेमके फिरतीवर असताना परत लॉगिन मागेल.

रिमोट डेस्कटॉपला खात्याचा पासवर्ड लागतो, विंडोजचा चार आकडी पिन चालत नाही.

कर_सल्ला
राज्यातल्या राज्यात माल जात असेल तर महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा १ लाख रुपये आहे, ५० हजार नाही. टॅबच्या ब्राउझरमधूनही निघतं.

फिरतीवाला
ते कुठं विचारलंय? असो. टेलस्केल झालं, हॉटस्पॉटवर टॅली उघडली!! पण आत्ताच दिवाणजींचा फोन आला, त्यांचा स्क्रीन एकदम लॉक झाला म्हणे. व्हायरस?

हिशेबनीस
व्हायरस नाही. दिवाणजी त्याच पीसीवर बसतात?

फिरतीवाला
हो, दहा ते सात. बिलं तेच करतात.

हिशेबनीस
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही आत शिरलात की समोरचा लॉक, त्यांनी परत लॉगिन केलं की तुम्ही बाहेर. दिवसभर हीच ओढाताण.

फिरतीवर नेमकं काय लागतं? येणेबाकी आणि स्टॉक बघायचा, की ऑर्डरही टाकायच्या?

फिरतीवाला
दोन्ही. टॅली सिल्व्हर आहे, एकाच पीसीपुरती.

आप्पा_लातूर
अनेक पीसींवर चालणारी गोल्ड घ्या आणि लॅपटॉप घ्या.

हिशेबनीस
बघण्यापुरतं रिमोट डेस्कटॉप हवंच कशाला? टीएसएस (टॅलीची वर्गणी) चालू असेल तर टॅली प्राइमचे रिपोर्ट ब्राउझरमध्ये दिसतात. कंपनी रिमोटसाठी कनेक्ट करून ठेवायची, टॅली.नेट आयडीनं (टॅलीच्या ऑनलाइन खात्यानं) टॅबवर लॉगिन करायचं. येणेबाकी, लेजर, स्टॉक सगळं दिसतं, दिवाणजींना धक्का नाही. एंट्री मात्र होत नाही. ऑर्डरी वहीत घ्या आणि सातनंतर रिमोटनं शिरून टाका.

डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्हवर सिंक करून टॅबकडे न्यायचा विचारही नको. टॅली चालू असताना अर्धवट फायली वर जातात आणि डेटा बिघडतो. बॅकअप हवा तर ऑल्ट+वाय, बॅकअप.

फिरतीवाला
टीएसएस चालू आहे. पण सेल्स ऑर्डरला कंट्रोल+एफ८ लागतं, टॅबच्या कीबोर्डवर एफ८च नाही.

खटपट्या
रिमोट डेस्कटॉपमध्ये कीबोर्ड उघडला की कंट्रोल, ऑल्ट, एफच्या कळांची वेगळी पट्टी मिळते. नाहीतर टॅलीच्या उजव्या पट्टीवरचं बटण बोटानं दाबा. रोज वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर ब्लूटूथ कीबोर्ड घ्या, पण एफच्या कळा वेगळ्या रांगेत असलेलाच.

आणि बिल प्रिंटला दिलंत तर दुकानातल्या प्रिंटरवर निघेल, तुमच्या हातात नाही. कंट्रोल+ई करून पीडीएफ काढा, मेल करा.

फिरतीवाला
ठीक. सातनंतर टाकतो. पण दिवाणजी शटर पाडताना मेन स्विच बंद करतात, चालेल ना?

जुना_वायरमन
वेक ऑन लॅन लावा, बंद पीसी नेटवर्कवरून सुरू करता येतो.

खटपट्या
मेन स्विच बंद असताना वेक कोणाला करणार, वायरमनसाहेब? वीज असली तरी तो संदेश दुकानाच्या आतल्या चालू यंत्रानंच सोडावा लागतो.

मेन स्विचला हात नको. विंडोजमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, मॉनिटर बंद ठेवा. बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस'समोर 'पॉवर ऑन' करा, म्हणजे वीज जाऊन आली की पीसी आपोआप सुरू होईल.

फिरतीवाला
दिवाणजींना सांगितलं. पीसीची वायर यूपीएसवरून थेट बोर्डात लावून देतो म्हणाले, तो बोर्ड मेनवर नाही.

हिशेबनीस
यूपीएस काढू नका, यूपीएसच त्या बोर्डात लावा. आणि राउटर कुठल्या बोर्डात आहे?

फिरतीवाला
थांबा, विचारतो.