मानेच्या मणक्याला इजा झालेल्या भावाला एकट्याने राहण्यासाठी आधी कोणती साधने घ्यावीत?

प्रश्न

माझ्या धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला सी-६ (मानेतील सहावा मणका) पातळीवर इजा झाली आहे. कोपर वाकवणे आणि मनगट उचलणे त्याला जमते, बोटे मात्र हलत नाहीत. पुनर्वसन केंद्रातून सुटी मिळाल्यावर त्याला स्वतंत्र राहायचे आहे. घरच्यांनी इलेक्ट्रिक व्हीलचेअर, आवाजावर चालणारे दिवे-पंखे आणि डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक अशी यादी केली आहे. सगळे एकदम घेणे परवडणार नाही, तेव्हा क्रम कसा लावावा?

प्रतिसाद १

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. साधनांची यादी बाजूला ठेवा आणि उठल्यापासून झोपेपर्यंत कोणकोणत्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो, हे भावाकडूनच लिहून घ्या. डोळ्यांवर चालणारा संगणक तूर्त वगळावा. ज्यांचे हात अजिबात चालत नाहीत त्यांना त्याचा मोठा आधार असतो, पण तुमच्या भावाचे मनगट शाबूत आहे आणि तेच त्याचे भांडवल आहे. मनगट वर उचलले की बोटांच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) ताणल्या जाऊन बोटे आपोआप मिटतात, मनगट खाली सोडले की उघडतात. या पकडीला टेनोडेसिस म्हणतात आणि सरावाने तिच्या जोरावर हलका पेला किंवा मोबाइल उचलता येतो. त्यामुळे मालीश करणाऱ्याने मनगट वर असताना बोटे ताठ सरळ करू नयेत (उत्साही नातेवाईक नेमके हेच करतात), कारण तो ताण सैल पडला की पकड गेली. शिवाय तळहाताभोवती बसणारा आणि खाचेत चमचा, दात घासण्याचा ब्रश किंवा टायपिंगची काडी धरणारा पट्टा अवश्य घ्या. इतक्या साध्या वस्तूने जेवण आणि कीबोर्ड दोन्ही त्याच्या हाती येतील.

प्रतिसाद २

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो. पहिला खर्च खुर्चीत बसायच्या चांगल्या उशीवर करावा, कारण त्वचेला संवेदना नसली की दाबाने होणारी जखम कळत नाही आणि एक जखम माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते. उशी असली तरी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब हलका करावाच लागतो. दुसरे म्हणजे पलंगावरून खुर्चीत सरकण्याची फळी. पलंग आणि खुर्ची यांची उंची सारखी हवी, नाहीतर फळी असून उपयोग नाही. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांबी लागते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. मग इलेक्ट्रिक खुर्ची घेऊच नये का?

प्रतिसाद २

तसे नाही. सी-६ ला हाताने ढकलायची खुर्ची सपाट जागी चालवता येते, पण लांबच्या अंतराला आणि चढावर खांदे झिजतात. नोकरीसाठी रोज बाहेर पडायचे असेल तर इलेक्ट्रिक खुर्ची चैन ठरत नाही. हाताची खुर्ची मात्र सोबत असू द्या, कारण बॅटरी किंवा मोटर बिघडली तर दुरुस्ती होईपर्यंत माणूस घरात अडकून पडतो.

प्रतिसाद ३

आवाजावर चालणाऱ्या दिव्यांबद्दल एवढेच सांगेन की फोनमध्येच असलेले आवाजाने चालवण्याचे साधन आधी वापरून पाहावे. तो एकटा असताना खुर्चीतून खाली पडला तर फोन हाताशी असेलच असे नाही, म्हणून मदतीची हाक देणारे बटण गळ्यात किंवा मनगटावर असावे आणि ते बोटाऐवजी हाताच्या कडेने दाबता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी भावाकडूनच करून पाहावे.