पासवर्ड बदलला तरी शेजारी वायफायवर

राउटरच्या यादीत दोन अनोळखी मोबाईल दिसतात. पासवर्ड दोनदा बदलून झाला. शिरतात कुठून?

>> डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून वायफाय जोडायची सोय) चालू असणार. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राउटरच्या सेटिंगचा पत्ता) उघडा (नाही उघडलं तर पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर) आणि ते बंद करा. त्याची आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडते. पिन मिळाली की नवा पासवर्डही आयताच हाती.

>> २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांचे पासवर्ड बऱ्याच राउटरांत वेगळे असतात. एकच बदललात का? गेस्ट नेटवर्कही बघा.

>> आधी ते फोन घरचेच नाहीत ना? अँड्रॉइड १० पासून फोन खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) लपवतो, म्हणून यादीत घरचाही अनोळखी वाटू शकतो. मॅक फिल्टर (त्या पत्त्यावरून फोन अडवणं) त्यामुळे फारसा कामाचा नाही. आणि राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च असेल, तर बाकी सगळं फुकट!