क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगीन राजघराणं चालवायचा कॉम्प्युटर गेम): लग्न लावून प्रदेश कसा मिळवायचा?

नवखा_सरदार: शेजारच्या राजाच्या मुलीशी माझ्या थोरल्याचं लग्न लावलं, मिळाली फक्त अलायन्स. लोक लग्नांवर राज्यं कशी वाढवतात?

दरबारी: तिला भाऊ असतील तर काय मिळणार रे. जी स्वतः पहिली वारस आहे अशी सून बघ आणि लग्न साधंच, म्हणजे पितृवंशीय ठेव, मातृवंशीय केलंस तर नातवंडं तिच्या घराण्याची होतात, मग पुढे तुझ्या घराण्याचा वारसच उरला नाही की गेम ओव्हर. बाप म्हातारा असलेला बरा, नाहीतर त्याला नंतर मुलगा होतो आणि सगळं मुसळ केरात.

जुना_खेळाडू: आणि घाई नको, फळ नातवाला मिळतं. खऱ्या इतिहासातच बघ, ११३७ मध्ये स्पेनमधल्या अरागॉन राज्याची वारस पेट्रोनिला हिची बार्सिलोनाच्या काउंटशी सोयरीक ठरली तेव्हा ती तान्ही होती, दोन्ही प्रदेश वारशाने एका माणसाकडे आले ते तिच्या मुलाकडे. फक्त गेममध्ये वारसांत राज्य वाटायचा कायदा असेल तर नातवंडं भरमसाठ नकोत, जमलेलं सगळं पुन्हा फुटतं.

नवखा_सरदार: सून वारस आहे पण सासऱ्याला मुलगा झालाच तर?

दरबारी: गेममध्ये मर्डर स्कीम (खुनाचा कट) कशाला दिलीये मग 😄 पकडला गेलास तर मात्र ती अलायन्स पण विसर.