मदत हवी आहे: पिशव्यांतल्या गवताचं वजन घटायचं सोडून वाढलंय!

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय असा की, चरणाऱ्या जनावरांमुळे कुरणातलं वाळकं गवत लवकर कुजतं की उशिरा. काटोल रोडकडे ओळखीतल्या काकांची पडीत जमीन आहे. अर्ध्या भागाला तीन वर्षांपासून कुंपण, उरलेल्या अर्ध्यात दिवसा गावची ढोरं आणि रात्री रोही (नीलगाय).

मे महिन्यात कुंपणाच्या आतलं वाळकं गवत कापलं. बहुतेक मारवेल आणि कुसळी (ती कुसळं अजून माझ्या मोज्यांत आहेत). ओव्हनमध्ये सुकवून २ मिलिमीटर जाळीच्या नायलॉन पिशव्यांत १०-१० ग्रॅम भरलं. २० पिशव्या आत, २० बाहेर. जूनच्या मध्यात ठेवल्या, सप्टेंबरमध्ये काढल्या. वजन जेवढं घटलं तेवढं गवत कुजलं, असा हिशोब.

बाहेरच्या तीन पिशव्या बकऱ्यांनी ओढून नेल्या, ते एक असो. पण बाहेरच्याच सहा पिशव्या ११ ग्रॅमच्या वर गेल्यात! उरलेल्यांत आत-बाहेर फरक जवळपास नाहीच. शेणामुताने बाहेर भराभर कुजेल असं मी धरून चालले होते. गाईड म्हणतात, त्या सहा काढून टाक. मन धजत नाही. काय चुकलं असेल?

धुऱ्यावरचा:
माती शिरली असन, दुसरं काय. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीतून दहा पावलं चाला, चप्पल पायापेक्षा जड होते. बाहेर ढोरांनी तुडवून चिखल केला, आत गवत उभं होतं. म्हणून बाहेरच्याच जड. अन् उधळी (वाळवी) लागली काय ते पाहा. ती खाते तेवढी मातीही आणते.

मी:
अरे देवा. काड्यांना चिकटलेल्या मातीच्या बारीक नळ्या आहेत. मी त्यांच्यासकट वजन केलं!

जुना लॅबवाला:
ताई, त्या सहा फेकू नका. प्रत्येक पिशवीतला माल दळा, त्यातला थोडा तोलून मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली खूप तापणारी भट्टी) ५५० अंशावर चार तास ठेवा. सेंद्रिय भाग जळतो, राख उरते. सुरुवातीच्या गवताचीही राख काढा, गवतात सिलिका (वाळूसारखं न जळणारं खनिज) बरीच असते. आणि त्याच जागेची नुसती माती जाळायला विसरू नका, कारण चिकणमातीही तापल्यावर वजन गमावते. तीनही आकडे हातात आले की गवत किती आणि माती किती ते वेगळं करता येतं.

पण खरी अडचण पुढे आहे. दोन्हीकडे तुम्ही कुंपणातलंच गवत ठेवलं. म्हणजे मोजला तो फक्त जागेचा फरक: ऊन, ओल, मातीतले जीव. जनावरांचा मोठा हात असतो तो कुजायला काय उरतं यात. ढोरं कोवळं मारवेल आधी ओरबाडतात, कुसळं धरलेल्या कुसळीला तोंड लावत नाहीत. मागे राहतं ते राठ, नायट्रोजन कमी, कुजायला मंद. उलट, चरून गेल्यावर फुटलेल्या पानांत नायट्रोजन जास्त, ती वाळली तरी लवकर कुजतात. यातलं कुठलं पारडं जड, हे त्या कुरणावर ठरतं. म्हणून ‘चराईने कुजणं वाढतं’ असं सरसकट म्हणता येत नाही.

शिवाय खूर पाचोळा मोडून मातीत दाबतात आणि शेण त्यावर पडतं. तुमची पिशवी नेमकं हेच अडवते. म्हणजे जनावराचा परिणाम मोजायला गेलात आणि जाळी लावून जनावरालाच बाहेर ठेवलंत. :) हे मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा, परीक्षक खूश होतात.

मी:
हे कुणी मे महिन्यात का नाही सांगितलं! आता बाहेरचं वाळकं गवत गोळा करून दोन्ही गवतं दोन्हीकडे ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालेल?

जुना लॅबवाला:
ठेवा, पण कोरड्या दिवसांत बुरशी-जिवाणू मंदावतात, काम उधळी आणि उन्हावर येतं. ते आकडे पावसाळ्यातल्या आकड्यांत मिसळू नका. एका वाटणीला अगदी बारीक जाळी लावा, म्हणजे उधळीचा वाटा वेगळा दिसेल.

मी:
आभार! आता शेवटचा प्रश्न. आमच्या विभागाची मफल फर्नेस गणपतीपासून बंद आहे. धरमपेठ-सीताबर्डीकडे कुणाच्या ओळखीत दोन दिवस वापरायला मिळेल का? ३७ नमुने, अधिक माती. क्रुसिबल (नमुना जाळायच्या वाट्या) माझे मी आणीन.